बायकोला दाखवलेलं तळं

मला मासे धरता येतात यावर माझ्या सासुरवाडीत अजून कुणाचा विश्वास नाही. सासुरवाडी मालवणची, आणि मी घाटावरच्या शाकाहारी घरातला. लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणात मी सोलकढीत मासा असतो का, असं विचारलं होतं. ते तिथे आजही पाहुण्यांना सांगतात. त्यामुळे बँकेने चेन्नईला बदली केल्यावर मी रविवारी गळ टाकून बसतो हे फोनवर सांगितलं, तेव्हा बायको आधी पोटभर हसली. मग म्हणाली, "माशांना कळवलंय का तुम्ही?"

तळं एका खाजगी मालकाचं, महाबलीपुरमच्या रस्त्याला. तो त्यात रोहू, कटला वाढवून विकतो. फाटकाशी पैसे भरले की आपल्यासारख्यांना काठावर दिवसभर बसता येतं. मोठ्या माशांच्या वाटेला मी जात नाही. माझी झेप बोटभर लांबीच्या, चांदीसारख्या चकाकणाऱ्या बारीक मासळीपर्यंत. तिला रीळबीळ लागत नाही. तुकड्याला तुकडा जोडून लांब केलेली काठी, टोकाला दोरा, दोऱ्यावर तरंगणारं लाल बोंड आणि खाली गळाला कणकेचा मणी. अधूनमधून पेंडीची चिमूट पाण्यात टाकत राहायची. बोंड बुडालं की काठी मागे सरकवत तिचे जोडलेले तुकडे एकेक सोडवायचे, की मासा हातात. तो पाण्यातच सोडलेल्या जाळीच्या पिशवीत ठेवायचा. संध्याकाळी मालकाचा माणूस येऊन पिशवी उलटी करतो आणि सगळी मंडळी परत तळ्यात. बारीक मासळी घरी न्यायची नाही, असा तिथला नियमच आहे. मासा चिरायच्या नुसत्या कल्पनेने घाम फुटणाऱ्या माणसाला याहून सोयीचा नियम कुठला?

राहायला मी शहरातल्या तिरुवल्लिकेणी भागात, मॅन्शनमध्ये. मॅन्शन म्हणजे सड्या पुरुषांचं लॉज. आजूबाजूच्या खोल्यांत नोकरी शोधणारी पोरं. ती मला अंकल म्हणतात आणि मी जिन्यात दिसलो की हसणं थांबवतात. बँकेत इंग्रजी, मेसमध्ये हातवारे. कधी कधी असं व्हायचं की फोन सोडला तर आख्ख्या आठवड्यात उच्चारलेलं माझं पहिलं मराठी वाक्य तळ्यावर निघायचं, तेही माशाला उद्देशून. "ये रे बाबा." हे मी फोनवर सांगत नसे. फोनवर मी मजेत असे.

बायको शाळेत शिक्षिका. मुलगी लग्न होऊन गेल्यावर तीही तिकडे आमच्या घरी एकटीच. गेल्या हिवाळ्यात तिनेच विषय काढला. "स्वेच्छानिवृत्ती घेऊन तिकडेच राहायला येऊ का म्हणते. पण आधी येऊन बघते तुमचं कसं चाललंय ते, मग अर्जाचं ठरवू."

मला ती यायला हवी होती. दोन भाड्याच्या खोल्या, संध्याकाळी कुकरची शिट्टी आणि आतून 'अहो' अशी हाक. माझी मागणी एवढीच. पण मी पडलो बँकवाला, सगळं गणित मांडून करणारा. रडगाणं गायलं तर ती म्हणेल, असल्या गावात येऊन मी काय करू? तेव्हा इथे कसा आनंदीआनंद आहे, तेच दाखवायचं ठरवलं.

मॅन्शनमध्ये बायकांना जिना चढू देत नाहीत, म्हणून तिची सोय टी. नगरला, बँकेच्या विश्रामगृहात केली. माझी खोली तिला दिसणार नव्हती, याचा मला आनंदच झाला. एक खाट, एक ताट आणि दोरीवर वाळणारे बनियन, त्यात बघण्यासारखं काय होतं? रविवारी तिला तळ्यावर नेलं.

फाटकावरचा माणूस मला बघून उठला. "वांग, सार," म्हणजे या साहेब. चिंचेखालची माझी जागा त्याने मोकळी ठेवली होती. कॉफीवालीने न विचारता बिनसाखरेची कॉफी आणून दिली. बायको हे सगळं बघत होती आणि मी रंगात येत होतो. मासळीही त्या दिवशी अशी गळाला लागत होती की सासऱ्यांना दाखवायला हवं होतं.

थोड्या वेळाने तिने पिशवीतून डबा काढला. आत माशांसाठी वाटण. मालवणहून जपून आणलेलं, तिरफळं घातलेलं. मासे रांधण्याबद्दल विश्रामगृहाच्या स्वयंपाक्याशी तिचं बोलूनही झालं होतं. मी तिला नियम सांगितला.

"परत सोडायचे? सगळे?"

"सगळे."

"मग धरायचे कशाला?"

"वेळ जातो," मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मी घाबरलो. घाईघाईने म्हणालो, "म्हणजे मजा येते गं. मित्र आहेत इथे खूप." आणि पलीकडच्या काठावरच्या टोपीवाल्याला जोरात हात केला. त्याच्याशी मी कधी एक शब्द बोललो नव्हतो. त्याने मागे वळून पाहिलं, मागे कुणी नव्हतं, तेव्हा बिचाऱ्याने मलाच हात केला.

ती हसली. डब्याचं झाकण लावत म्हणाली, "मला उगाच घोर लागला होता. वाटायचं, एकटे कुढत बसत असाल आणि फोनवर मला थापा मारत असाल."

"छे."

"मग मी शाळा पुरी करते. थोडीच वर्षं राहिलीत. तुमची इतकी छान घडी बसलीय, त्यात मी येऊन काय करू? आणि तुम्ही बँकेत गेलात की मी इथे बोलू कुणाशी?"

आत्ता बोल, असं मी स्वतःला सांगितलं. तेवढ्यात बोंड बुडालं. "अहो, बघा बघा," म्हणत तिनेच काठी धरली. मासा वर आला, तिने तो सराईत हाताने सोडवला आणि म्हणाली, "याला आमच्याकडे मांजरही विचारत नाही." मी हसलो. मग म्हणालो, "बरं, तू म्हणतेस तसं."

परतीच्या बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. काळजी मिटलेलं माणूस झोपतं तशी, तोंड किंचित उघडं ठेवून. मी खिडकीतून बाहेर बघत तिला सांगायची वाक्यं जुळवत होतो. एक बरं जुळलंही होतं. पण त्यासाठी तिला उठवावं लागलं असतं, आणि इतकी गाढ झोप तिला बऱ्याच दिवसांनी लागली असावी. टी. नगर आलं, तेव्हा कंडक्टरच ओरडला आणि ती जागी झाली.