काट्यांचा लगाम

हिवरखेडच्या चतुराबाईच्या घोडीनं गावातले निम्मे नवरदेव मारोतीच्या पारावर नेले असतील. नवरा गेल्यापासून घोडी सजवायची तीच. थंडीच्या लग्नसराईत लगाम चढवण्याआधी त्याचं लोखंड मुठीत धरून ऊन करायची. कोणी हसलं की म्हणायची, "तुले जीभ हाय, तशी तिलेई हाय."

यंदा गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून पहिल्यांदाच पोरानं, प्रीतमनं, घोडी सजवली. वरात दारापुढं आली. डीजेवर घोडी पुढचे पाय उचलून नाचत होती, लोक शिट्ट्या मारत होते. चतुराबाईला मात्र तिच्या तोंडचा लाल फेस दिसला. तळपायाची आग मस्तकाला गेली. लंगडत ती वरातीत घुसली.

"बंद करा तो बाजा! नवरदेवा, उतर खाली! घोडी नाचून नाई राहिली, तडफडून राहिली!"

तिनं लगाम उतरवला. लोखंडाला काटे होते.

"माय, लोकायले नाच पाह्यजे," प्रीतम म्हणाला. "एवढ्याशा काट्यानं काय होते?"

चतुराबाईनं लगाम लुगड्याला पुसला. काटे रुतत होते, तरी सवयीनं लोखंड मुठीत धरून ऊन केलं. मग पोरापुढं उभी राहिली.

"आ कर," म्हणाली.