डोंगरावरची सात, बेटावरचं एक

मी सुरतेत मराठी शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी आम्हा शिक्षिकांना कुटुंबपाहणीचं काम लागलं आणि माझ्या वाट्याला भेस्तानमधली एक चाळ आली.

तिथं शेजारी-शेजारी दोन बायका राहत. एक सातपुड्यातल्या पाड्यावरची, नवरा कापडाच्या लूमवर कामाला. तिच्या खोलीत सात मुलं. दुसरी सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळच्या एका बेटावरची. नवरा मासेमारीच्या बोटीवर, म्हणून ती भावाकडे राहायला आलेली. तिला एकच मुलगी. ऊन तापलं होतं, बरीच घरं बाकी होती. फार न विचारता मी फॉर्मवर सात आणि एक असे आकडे लिहिले. खाली शेरा मारला : डोंगरातल्या बायकांना समज कमी, म्हणून मुलं जास्त, किनाऱ्यावरच्या शहाण्या.

वर चाळीदेखत त्या डोंगरातल्या बाईला म्हणाले, "जरा हिच्याकडून शिका. एकावर थांबली, कशी सुखात आहे."

बेटावरची बाई दारातच बसली होती. तिच्या मांडीवर शेजारणीचंच धाकटं पोर होतं. ते खाली ठेवून ती आत गेली.

"ताई, तिले असं नका म्हणू," डोंगरातली हळूच म्हणाली. "तिची दोन पोटातच गेली. नवरा आठ-आठ महिने दर्यावर. तिले अजून पाहिजे आहे."

"आणि तुमची ही सात?"

"माझी चार. तीन जावेची. ती बाळंतपणात गेली. मग कोण पाहणार?"

म्हणजे एकीला चारदा दिवस गेले होते, दुसरीला तीनदा. मी मात्र जमीन-अस्मानाचा फरक लिहून बसले होते. नवा फॉर्म भरायचा तर पुन्हा सगळे प्रश्न. मी "बरं" म्हटलं आणि पुढच्या दाराची कडी वाजवली. आत गेलेल्या बाईची माफी मागायलासुद्धा डोकावले नाही.

पंधरा दिवसांनी पाहणीच्या बैठकीत साहेबांनी माझाच शेरा मोठ्यानं वाचला. "निरीक्षण असं पाहिजे," ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. हे चुकीचं आहे, असं सांगायला मी उठणार होते. पण शेजारी बसलेल्या शिक्षिकेनं माझा हात दाबला, "छान लिहिलंत." मी हसून थँक्यू म्हणाले आणि बसून राहिले.

गेल्या दिवाळीनंतर एकदा त्या चाळीत गेले. दोन्ही खोल्यांत नवे भाडेकरू. आधीच्या बायका कुठं गेल्या, त्यांना ठाऊक नव्हतं.

"तुम्ही त्यांच्या कोण?" एकीनं विचारलं.

"ओळखीची," मी म्हणाले.