साक्षीदार कोणत्या दाराने येणार?

"भोक पाडायचं नाही," हेरिटेज विभागाच्या बाई फोनवर म्हणाल्या. "भिंत ग्रॅनाइटची आहे. संरक्षित आहे."

"भिंतीत एक भोक आधीपासून आहे," मी म्हटलं. "हीटरच्या पाइपचं. त्यातून वायर नेते."

"ते भोकही संरक्षित आहे."

संरक्षित नसतं तरी उपयोग नव्हता. त्यातून गॅसचा पाइप गेला होता आणि गॅसच्या पाइपला लागून वायर टाकायला दुसऱ्याच एका विभागाची मनाई होती. मी आभार मानून फोन ठेवला. दुपार झाली होती. सकाळी सिडनीतल्या कॅसल हिलहून निघाले होते, पाच तास गाडी चालवली होती. कॅनबेराच्या पुढे डोंगरात असलेल्या या गावातली ही माझी तिसरी खेप. दुसऱ्या दिवशी कोर्ट बसणार होतं.

गावाचं नाव देत नाही. तिथे सगळे सगळ्यांना ओळखतात.

आमची कंपनी कोर्टांमध्ये व्हिडिओ लिंक बसवते आणि चालू ठेवते. ऑफिस सिडनीतच, पॅरामॅटाला आहे. शहरातल्या कोर्टांचं काम सोपं असतं: लिफ्टने वर जायचं, काम करायचं, खाली येऊन कॉफी घ्यायची. डोंगरातल्या गावांची गोष्ट वेगळी. तिथे कोर्टाची दगडी, देखणी इमारत असते, पण कोर्ट रोज नसतं. मॅजिस्ट्रेट महिन्यातून एकदा येतात, दिवसभरात सगळ्या केसेस ऐकतात आणि पुढच्या गावाला निघून जातात. बाकीचे दिवस इमारतीला कुलूप असतं.

पहिल्या खेपेला मी ते कुलूपच पाहिलं. किल्ली पोलीस स्टेशनात होती. स्टेशनात एकच कॉन्स्टेबल, तो बर्फात अडकलेली कुणाची तरी गाडी काढायला वर डोंगरात गेला होता. मी बेकरीत काहीतरी खाल्लं आणि परत आले. दुसऱ्या खेपेला किल्ली होती, ड्रिल होतं, सोबत कॉन्ट्रॅक्टरही होता. ड्रिलचा प्लग लावला आणि हेरिटेज विभागाचा ई-मेल आला. कॉन्ट्रॅक्टरने दिवसाचे पैसे लावले. त्याचं बरोबरच होतं.

काम कागदावर किरकोळ होतं. कोर्टरूमसमोर कॉरिडॉर आणि कॉरिडॉरपलीकडे एक छोटी खोली. तिथे कॅमेरा आणि स्क्रीन बसवून ती खोली कोर्टरूमला जोडायची. याला रिमोट विटनेस रूम म्हणतात. घरातल्या मारहाणीच्या केसमध्ये तक्रार करणाऱ्या बाईला आरोपीसमोर बसून साक्ष द्यावी लागू नये, म्हणून ही सोय. ती खोलीतून बोलते, कोर्ट तिला स्क्रीनवर पाहतं.

अशीच एक केस दुसऱ्या दिवशी होती. खोली तयार नाही म्हणून ती दोनदा पुढे गेली होती.

"ती म्हणाली आहे, आता पुन्हा तारीख पडली तर ती येणार नाही," लिॲन म्हणाली. लिॲन कोर्टाची रजिस्ट्रार. कागदपत्रं आणि केसेसची व्यवस्था तिच्याकडे. ती आदल्या दिवशी येऊन तयारी करत होती. "मुलाला घेऊन क्वीन्सलंडला बहिणीकडे जाणार. मग पोलिसांकडे साक्षच उरत नाही. तो मोकळा."

"आणि समोर बसून साक्ष?"

"त्याच्यासमोर? नाही देणार. मी तरी दिली नसती."

मी पॅरामॅटाला समीरला फोन केला. समीर माझा टीम लीड, मूळचा नाशिकचा. प्रत्येक कामाची एक ओळ त्याच्या स्प्रेडशीटमध्ये असते: हिरवी, पिवळी किंवा लाल. आमची ओळ दोन महिने लाल होती.

"छतातून ने ना वायर," तो म्हणाला.

"छतात चढायला दोन माणसं लागतात. तूच एकटीला पाठवलंयस."

"फ्लोअरखालून?"

"खाली ॲस्बेस्टॉससारखं विषारी काही असू शकतं. असू शकतं म्हणजे कुणी बघितलेलं नाही. बघेपर्यंत कुणी खाली उतरायचं नाही. आणि उतरल्याशिवाय बघणार कसं, हे कुणी सांगत नाही."

"वायरलेस तर चालणार नाही. पॉलिसी आहे."

"माहितेय. पॉलिसीचा ड्राफ्ट मी लिहिलाय."

"मग सरळ कॉरिडॉरमधून टाक. वर रबराची पट्टी मार."

"सेफ्टीवाले नाही म्हणालेत. कुणी अडखळून पडेल."

"पडू दे की. वकील तिथेच उभे असतात."

"समीर, मी पाच तास ड्राइव्ह करून आलेय. जोक नंतर."

"अगं," तो म्हणाला, " सगळ्यांचंच म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे."

ते खरं होतं आणि नेमकं त्याचाच वैताग येत होता. हेरिटेजचं बरोबर, गॅसचं बरोबर, सेफ्टीचं बरोबर. यातल्या एकानेही इमारत पाहिलेली नव्हती.

मी कॉरिडॉरमध्ये टेप घेऊन उगाच पुन्हा मापं घेत होते, तेवढ्यात डेनीस आली. साठीची बाई, अंगात जाड जॅकेट, गाडीत कुत्रा. कोर्टात साक्ष द्यायला येणाऱ्या बायकांसोबत राहणं हे तिचं काम. उद्या ती त्या बाईसोबत खोलीत बसणार होती, म्हणून आज खोली बघायला आली होती. तिने कॅमेऱ्याच्या खोक्यांकडे पाहिलं नाही. खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि विचारलं, "ती कोणत्या दाराने येणार?"

"पुढच्या," मी म्हटलं. "वापरता येईल असं दुसरं दार कुठाय?"

"मागे एक आहे ना?"

"ते पोलिसांच्या कोठडीच्या आवारात उघडतं. उद्या तिथे कैद्यांची व्हॅन असेल."

"म्हणजे व्हरांड्यातून."

"हो."

"चल, दाखवते," डेनीस म्हणाली आणि मला बाहेर घेऊन गेली. "उद्या सकाळी इथे ये नि बघ. वेटिंग रूम नाही या कोर्टाला. सगळे इथेच उभे असतात. तो, त्याचा भाऊ, त्याची आई, त्याचे फुटबॉलमधले मित्र. सिगारेटी ओढत. ती गाडीतून उतरणार, या पायऱ्या चढणार, त्यांच्यामधून वाट काढणार आणि मग तुझ्या त्या सुरक्षित खोलीत जाऊन बसणार. आणि ती खिडकी बघ."

खोलीची खिडकी व्हरांड्यात उघडत होती. पडदा नव्हता. ती खिडकी मी दोन्ही खेपांना मोजली होती. स्क्रीनवर उजेडाची चमक येईल का, एवढंच पाहिलं होतं.

"हे कुणालाच कसं कळलं नाही?" मी विचारलं.

"डार्लिंग, मला कुणी विचारलंच नाही."

मी पायरीवर बसले. वायरीचा प्रश्न त्या क्षणी सुटला असता, तरी खोली निरुपयोगीच ठरली असती. मग डोक्यात आलं की कोर्टरूमची बाजू तर तयार आहे. तिथला कॅमेरा आणि स्क्रीन वर्षभरापूर्वी मीच बसवला होता. त्यावरून तुरुंगातले कैदी हजर होतात, हॉस्पिटलमधले डॉक्टर साक्ष देतात. डॉक्टरला कुणी सांगत नाही की कॉरिडॉरपलीकडे येऊन बस. साक्षीदार याच इमारतीत हवी, असा कायदा नाही. मॅजिस्ट्रेटची परवानगी मिळाली की कुठूनही चालतं. आमच्या प्रोजेक्टच्या नावात 'कोर्टहाउस' होतं, म्हणून आम्ही सगळे कोर्टहाउसच्या भिंतीशी झुंजत होतो.

"गावात व्हिडिओची चांगली सोय कुठे आहे?" मी विचारलं.

"हेल्थ सेंटर," डेनीस म्हणाली. "सिडनीचे स्पेशालिस्ट तिथे स्क्रीनवरून पेशंट बघतात. आणि ती मुलाला डेंटिस्टकडे तिथेच नेते. तिची गाडी तिथे दिसली तर कुणी वळूनही बघणार नाही."

समीरला पुन्हा फोन.

"ते आपल्या स्कोपमध्ये नाही," तो म्हणाला. "तिथलं इक्विपमेंट आपलं नाही, रूम आपली नाही. उद्या लिंक पडली तर नाव आपलं येणार."

"आणि लिंक नसेलच, तर नाव कुणाचं येणार?"

"तू परत ये. मी क्लायंटला कळवतो की साइट रेडी नाही."

"साइट शंभर वर्षांत रेडी होणार नाही. मी राहतेय इथे."

"हॉटेलचं अप्रूव्हल?"

"समीर."

"बरं, बरं. ई-मेल टाक मला. निदान मी नाही म्हणालो होतो, एवढं तरी राहू दे रेकॉर्डवर."

हेल्थ सेंटरची मुख्य नर्स पॅम. ती म्हणाली, खोली आहे, पण उद्या सकाळी तिथे पायांचे डॉक्टर बसणार आहेत. मी गोष्ट थोडक्यात सांगितली. नाव सांगितलं नाही, तरी पॅमला कळलं असावं. तिने भिंतीवरचं वेळापत्रक पाहिलं आणि म्हणाली, "पाय काय, दुपारीही जागेवरच असतील. घे खोली."

चाचणी मात्र पहिल्या फटक्यात झाली नाही. हेल्थ सेंटरमधून कोर्टाला कॉल लावला की त्यांची सुरक्षा यंत्रणा तो अडवत होती. अर्धा तास त्यात गेला. शेवटी उलट केलं. लिॲनने कोर्टरूममधून इकडे कॉल लावला. तो लागला. ती मॅजिस्ट्रेटच्या खुर्चीत बसून मला हात हलवत होती. चित्र स्वच्छ, आवाज स्पष्ट.

सकाळी डेनीसने सांगितलं होतं तसंच होतं. व्हरांडा भरलेला होता. मी बॅग घेऊन त्यांच्यामधून गेले तर सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि माझं त्यांच्याशी काही देणंघेणं नव्हतं.

साक्ष हेल्थ सेंटरमधून घ्यावी, असा पोलिसांच्या वकिलाने अर्ज दिला. आरोपीच्या वकिलाने हरकत घेतली: साक्षीदार कोर्टाच्या इमारतीत हवी, दवाखान्यात तिच्या कानाशी कोण काय बोलतंय हे कोर्टाला कसं कळणार? मॅजिस्ट्रेट शांतपणे ऐकत होत्या. लिॲनने माझ्याकडे बोट दाखवलं.

"तुम्ही तंत्रज्ञ?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं. "पूर्ण खोली दिसेल का?"

"कॅमेरा मागे घेतला तर दारासकट दिसेल."

"लिंक तुटणार नाही, याची खात्री देता?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही," मी म्हटलं. "काल तासभर चालवली, तुटली नाही. तुटली तर मी इथेच आहे."

त्यांनी काहीतरी लिहिलं. "कॅमेरा मागे घ्या. खोलीत आधारासाठी एकच व्यक्ती, आणि तीही चित्रात दिसली पाहिजे. सुरू करू."

ती स्क्रीनवर आली. निळा स्वेटर, समोर पाण्याचा ग्लास, बाजूला डेनीस. पहिल्या प्रश्नाला तिचा आवाज इतका बारीक होता की मला व्हॉल्यूम वाढवावा लागला. नंतर लागला नाही. तिला सकाळभर प्रश्न विचारले गेले. ती दोनदा थांबली, दोन्ही वेळा पुन्हा सुरू झाली. आरोपी बहुतेक वेळ टेबलाकडे पाहत होता. तिच्या स्क्रीनवर तो नव्हताच. तिला फक्त मॅजिस्ट्रेट आणि प्रश्न विचारणारा वकील दिसत होता. कॅमेरे तसेच लावले होते.

लिंक एकदाही तुटली नाही. निकाल त्याच दुपारी लागला. तो दोषी ठरला आणि तिच्या घराजवळ फिरकायची त्याला मनाई झाली. मला हे लिॲनकडून पार्किंगमध्ये कळलं. डेनीस कुत्र्याला फिरवायला गेली होती.

आमच्या स्प्रेडशीटमधली ओळ लालच राहिली. खोली तयार झाली नव्हती. समीरने 'पर्यायी व्यवस्था' असा नवा रकाना काढायची परवानगी मागितली, ती मिळाली नाही.

पुढे सगळ्या विभागांची मंजुरी आली. छतातून वायर गेली, कॅमेरा लागला, दारावर पाटी लागली. चाचणीला मीच गेले. सगळं उत्तम चालतं. बायका साक्ष हेल्थ सेंटरमधूनच देतात. त्या खोलीत लिॲन जादा खुर्च्या ठेवते.

आता नव्या कोर्टाचं काम आलं की मी आधी गाडी रस्त्यावर लावते आणि साक्षीदार जशी येईल तशी चालत आत जाते. भिंती नंतर मोजते. समीर म्हणतो, हा वेळ बिलात लावता येत नाही. मी तो प्रवासात दाखवते.