पंखा फिरेना
परवा घरच्या कॉम्प्युटरमधून तापलेल्या धुळीचा वास आला आणि मला किकवीजवळचं, हायवेलगतचं ते पत्र्याचं वर्कशॉप आठवलं. तिथं मी सीएनसी लेथ, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कातकामाचं मशीन, चालवायचो. मालक भोरचे; आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. पुण्याच्या एका कंपनीनं त्यांना पहिल्यांदाच मोठं काम दिलं होतं. माल न्यायला टेम्पो दारात उभा, थोडेच नग राहिलेले, आणि स्क्रीनवर अलार्म आला : कंट्रोलचा, म्हणजे मशीनच्या कॉम्प्युटरचा, पंखा बंद. मशीन जागच्या जागी थांबली. पॅनेलचं दार उघडलं तर गरम हवा तोंडावर आली. चाचांनी धावत जाऊन टेबलफॅन आणून समोर लावला. आतलं सगळं गार झालं, पण स्वतःचा पंखा फिरल्याशिवाय कंट्रोल अलार्म सोडेना आणि मशीन चालू होईना. एसटीडी बूथवरून मेकॅनिकला फोन लावला, तर तसला पंखा मुंबईहून यायला आठवडा लागेल म्हणाला. "झालेत तेवढे तरी न्या," चाचा ड्रायव्हरला म्हणाले. तो खाली बघत म्हणाला, "पुरा माल नसंल तर रिकामाच ये म्हणालेत, चाचा. माज्या हातात काय न्हाई." टेम्पो रिकामा गेला. मी मेन स्विच बंद केला. चाचा पॅनेलसमोर स्टूल घेऊन बसले आणि त्या पंख्याचं पातं बोटानं ढकलत राहिले. "फिर की रे बाबा," ते पुटपुटायचे. पातं जरा हलायचं नि अडकायचं. त्या कंपनीचं काम पुन्हा कधी आलं नाही.