खांबामागचा हात

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. चाळीस वर्षं एका स्वयंपाकघरात जेवलो आम्ही, तरी नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा माझा आवाज आता बसला आहे म्हणून असेल — आवाज होता तोवर मला खरं बोलायची कधी गरजच पडली नाही.

आधी त्या आवाजाबद्दल सांगू द्या. फुशारकी वाटेल. असू दे, आहेच ती फुशारकी. सत्तरीच्या दशकात सिंदी रेल्वेपासून आष्टीपर्यंत आमच्या ख्रिस्ती मंडळींत माझ्यासारखा बोलणारा तरुण नव्हता. आठवडाभर मी प्राथमिक शाळेत पाढे शिकवायचो आणि रविवारी दुपारी तरुण संघाच्या सभेत उभा राहायचो. लाउडस्पीकर मला कधी लागला नाही. शेवटला काळ, न्यायाचा दिवस, रणशिंग — हे शब्द मी असे काही उच्चारायचो की पुढच्या रांगेतली पोरं सतरंजीचं टोक मुठीत धरायची. नागपूरहून महिन्यातून एकदा येणारे पाद्रीसाहेब एकदा म्हणाले होते, "मास्तर, तुमचं ऐकून मलाच भीती वाटली." त्या वाक्यावर मी वर्षभर जगलो.

घाबरवत होतो का पोरांना? हो, घाबरवत होतो. पण पोरं सुधारतही होती! कापसाच्या जिनिंगमधला एक हमाल दारू सोडून बसला, तो माझ्यामुळे. आईशी अबोला धरलेल्या दोघी बहिणी सभेतून उठून सरळ घरी गेल्या आणि आईच्या गळ्यात पडल्या, त्याही माझ्यामुळे. हे खोटं नाही. ह्याचा मला अभिमान होता आणि अजूनही आहे. तो मी इथे लपवणार नाही, लपवायचं बाकी पुष्कळ झालं.

आमच्या सभेची एक रीत होती. उपदेश संपला की मी म्हणायचो — सगळ्यांनी डोळे मिटा, माना खाली घाला, कोणी कोणाकडे बघू नका. ज्याला आज, आत्ता, पश्चात्ताप करायचा आहे त्याने फक्त हात वर करा. तो हात देव पाहील आणि मी पाहीन. मग एखादा हात वर झाला की मी आवाज अगदी खाली आणून म्हणायचो, "भाऊ, दिसला तुझा हात. खाली घे." बस, एवढंच. नाव नाही, विचारपूस नाही.

तुम्ही अशा सभेत कधी बसला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, पहिला हात लवकर वर होत नाही. कोणालाच पहिलं व्हायचं नसतं. डोळे मिटलेले असले तरी कान उघडे असतात ना. शांतता लांबत जाते, कोणीतरी खोकतं, एखादं लेकरू रडतं, आणि तासभर तापवलेला तवा डोळ्यांदेखत थंड होत जातो. अशा वेळी बोलणाऱ्याने काय करावं? मी काय करायचो ते सांगतो... पण आधी तो खांब सांगायला हवा.

आमचं चर्च म्हणजे कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, छपराची एक लांब खोली. बायकांच्या बाजूला, जरा मागे, छपराला आधार म्हणून एक जाड खांब. त्याच्यामागे कोणी बसत नसे. तिथून बोलणारा दिसत नाही आणि बोलणाऱ्यालाही तिथलं काही दिसत नाही. आलं ना लक्षात?

हो, तेच. पहिला हात वर होईना की मी खांबाकडे मान वळवून म्हणायचो, "खांबामागची ताई, दिसला तुझा हात. खाली घे." तिथे ताई नसायची. हात नसायचा. पण मिटल्या डोळ्यांनी बसलेल्या पोरांना वाटायचं, चला, कोणीतरी सुरुवात केली. आणि मग खरे हात वर व्हायचे, भराभर. एका खोट्या हातामागून सात-आठ खरे. ह्यात काय बिघडलं, असं मी स्वतःला विचारायचो. विचारणारा मीच आणि उत्तर देणाराही मीच, मग काय बिघडणार?

एवढंच असतं तर मी आज तोंड उघडलं नसतं.

एकोणऐंशी सालचा जुलै. स्कायलॅब पडणार, स्कायलॅब पडणार — लहान-मोठ्याच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. आकाशातून ते अमेरिकेच्या अंतराळयानाचं धूड आपल्याच घरावर येणार म्हणून आमच्या गल्लीतल्या एकाने बकरा कापून खाऊन टाकला, उद्या कोणी पाहिलाय म्हणून. माझ्यासारख्याला तर हे आयतंच मिळालं. त्या रविवारी मी असा बोललो, असा बोललो, की आजवर तसा पुन्हा बोलू शकलो नाही. आकाशातून लोखंड पडणार म्हणून घाबरता, मी म्हणालो, आणि आकाशातून न्याय उतरणार आहे त्याचं काय? चर्च खच्चून भरलं होतं. पाद्रीसाहेब समोर खुर्चीवर होते. मी डोळे मिटायला सांगितलं — आणि एकही हात वर होईना. एकही नाही! भीती इतकी झाली होती की पोरं थिजून गेली होती. पाद्रीसाहेब समोर, आणि माझा हा अपमान. मी खांबाकडे वळलो. "खांबामागची ताई, दिसला तुझा हात. खाली घे."

त्या दिवशी खांबामागे एक ताई होती.

मार्था तिचं नाव. आमच्याच मंडळीतली, बावीस वर्षांची, बाजाराजवळच्या बालवाडीत शिकवायची. सभा सुटल्यावर, अजून ऊन होतं, ती माझ्यासाठी हातपंपाजवळ थांबली होती. तोंड पांढरं पडलेलं. आधी मला वाटलं, हिला बरं नाही.

"भाऊ," ती म्हणाली, "मी हात उचललाच नोता जी. कोनाले दिसू नये म्हनून तं खांबामागं बसली होती. फक्त मनात म्हनलं, उचलू काय? अन् तुमी म्हनलं, दिसला. तुमाले तिथलं दिसतच नाई. कसं दिसलं, भाऊ?"

इथे थांबतो जरा. कारण ह्या क्षणी मला एक वाक्य बोलायचं होतं — मार्था, ती माझी थाप होती. बस. ती हसली असती. रागावली असती. पाद्रीसाहेबांना सांगितलं असतं, फार फार तर. माझं काय गेलं असतं? एक रविवार गेला असता. पण ती माझ्याकडे जशी पाहत होती ना, तसं माझ्याकडे तोवर कोणी पाहिलं नव्हतं. बायकोनेही नाही. आणि मी म्हणालो, "मला दिसलं नाही, मार्था. मला दाखवलं गेलं."

हाच तो शब्द. दाखवलं गेलं. किती सफाईने आला तोंडात! मला स्वतःलाच तो आवडला.

मग तिने सगळं सांगितलं. वसंता नावाचा मुलगा, पवनारचा. धामच्या काठी त्यांची वांगी-कोथिंबिरीची वाडी, आणि आठवडी बाजाराला तो भाजी घेऊन सिंदीला यायचा. बालवाडीतल्या पोरांना काकड्या वाटता वाटता मार्थाशी ओळख झाली. तो हिंदू, ही ख्रिस्ती, दोन्ही घरं तयार होणार नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने नागपूरला जाऊन दोघं रजिस्टर लग्न करणार होती. हात वर करू का, म्हणजे हे पाप आहे का, एवढंच तिला देवाला विचारायचं होतं. आणि देवाने उत्तर दिलं होतं, माझ्या तोंडून.

"मंग आता मी जाऊ का नोको जाऊ?" तिने विचारलं.

मी डोळे मिटले. दोन क्षण थांबलो — थांबायचं किती, हे मला उत्तम कळायचं. आणि म्हणालो, "जाऊ नकोस."

ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "त्याले तुमीच सांगून द्याजो."

सकाळी मी स्टेशनवर गेलो. वसंता बाकावर बसला होता, नवा शर्ट, केसांना तेल, हातात दोन तिकिटं. मी शाळेचा मास्तर म्हणून त्याने उठून नमस्कार केला. मी सांगितलं, मार्था येणार नाही. त्याने एकच शब्द विचारला, "काऊन?" मी म्हणालो, देवाची मर्जी. त्यावर तो माझ्याकडे पाहत राहिला आणि अगदी साधेपणाने म्हणाला, "कोनत्या देवाची, गुरुजी?" वाद घालायचा म्हणून नव्हे हो. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. गाडी आली, थांबली, गेली, आणि दोन्ही तिकिटं त्याच्या हातातच राहिली.

स्कायलॅब त्याच आठवड्यात कुठल्याकुठे परदेशात जाऊन पडलं. लोक हसले, विसरले. आमच्या चर्चमध्ये मात्र पुढच्या रविवारी मार्थाने उभं राहून साक्ष दिली — देवाने माझा न उचललेला हात पाहिला. वसंताचं नाव तिने घेतलं नाही, मोह म्हणाली फक्त. त्या दिवशी इतके हात वर झाले की मला "दिसला, दिसला" म्हणता म्हणता धाप लागली. आणि मी काय केलं? मी तिला बरोबर घेऊन फिरू लागलो. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव. आधी तिची साक्ष, मग माझं बोलणं. खांबामागची ताई म्हणून तिला गावोगाव ओळखू लागले. सिंदीत तर पोरी खांबामागे बसायला भांडायच्या. पुढे चर्चची दुरुस्ती निघाली तेव्हा तो खांब काढून लोखंडी तुळई टाकायचं ठरत होतं. मार्थाने हात जोडले आणि खांब राहिला. अजून आहे.

वसंताच्या घरच्यांनी दोन वर्षांनी त्याचं लग्न लावून दिलं. म्हणजे खरं सांगायला माझ्याकडे दोन वर्षं होती. बाजारात मी त्याच्याकडूनच भाजी घ्यायचो. पिशवीत तो वरून चार मिरच्या टाकायचा, मास्तरांना म्हणून. मी त्या घ्यायचो. मार्थाने लग्न केलं नाही. मी तिचं कौतुक करायचो, चारचौघांत, भरल्या आवाजात, आणि खोटं वाटेल तुम्हाला, पण मला तिचा खराखुरा अभिमान वाटायचा. माझी सगळ्यात मोठी कमाई ती.

आणि मी स्वतः कधी हात वर केला होता का? नाही. मी नेहमी उभा असायचो, आणि उभ्या माणसाला हात वर करायला कोण सांगतो?

आता शेवटचं. मला वाटत होतं खांबापर्यंत सांगून थांबावं. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. आष्टीला सभा होती. मार्थाने साक्ष दिली, मी बोललो, डोळे मिटायला सांगितलं. पहिला हात वर होईना. त्या चर्चलाही खांब होता, आणि इतक्या वर्षांची सवय — जीभ आपली आपण वळली. "खांबामागची ताई, दिसला तुझा हात. खाली घे." मार्था बाजूच्या भिंतीला टेकून बसली होती. तिथून खांबामागची जागा सरळ दिसते, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

परत यायला आम्ही बस स्टँडवर उभे होतो. ती खाली बघत हळूच म्हणाली, "भाऊ, त्या खांबामागं तं कोनीच नोतं."

सात वर्षांत दुसऱ्यांदा तेच एक वाक्य माझ्यापुढे आलं होतं. ह्या वेळी तर ते तिनेच अर्धं बोलून दिलं होतं. मला नुसती मान हलवायची होती. पण बस स्टँडवर आष्टीची मंडळी आम्हाला निरोप द्यायला आली होती, हारसुद्धा होता माझ्या गळ्यात. मी मार्थाकडे पाहिलं आणि म्हणालो, "म्हणजे तू डोळे उघडले होतेस?"

ती दचकली.

"लोक देवापुढे वाकलेले असताना," मी म्हणालो, "तू डोळे उघडून बघत होतीस?"

तिच्या चेहऱ्यावर आधी काय होतं आणि मग काय आलं, ते मी पाहिलं. संशय गेला. तिथे लाज आली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली ती लाज, मीच तर आणली होती ती. "हो जी," ती म्हणाली, "चुकलं माह्यं." आणि वर्ध्याची बस येईपर्यंत तिने मान वर केली नाही.

मार्था आजही सिंदीत आहे, माझ्या घरापासून चार घरं सोडून. रस्त्यात भेटली की पदर सावरून "भाऊ, बरे हाये ना?" विचारते. मी बरा आहे म्हणतो.

आष्टीनंतरच्या रविवारी ती सभेला आली ती खांबामागे बसली नाही. अगदी समोर बसली, मला दिसेल अशी. मी डोळे मिटायला सांगितलं आणि कोणी खोकण्याच्या आत एक हात वर झाला. मी खांबाकडे वळायच्या आत आलेला खरा हात. मार्थाचा. डोळे तिने इतके घट्ट मिटले होते की कपाळावर आठ्या पडल्या होत्या. मी तो हात पाहिला. आणि माझा आवाज किंचितही हलला नाही.

"ताई, दिसला तुझा हात," मी म्हणालो. "खाली घे."