कोळ्याला माती

मी पाळलेल्या टॅरँटुला कोळ्याच्या काचेच्या पेटीत मी माती भरत होतो. "येड्या, कोळ्याला माती कशाला? चढायला काड्या लाव, जाळं विणेल," म्हणत रूममेट संतोषने काड्या खोचल्याही. मी संतापून उपटल्या. हा कोळी जमिनीवर राहणारा. उंचावरून पडला तर पोट फुटून मरेल. कोळी म्हटलं की चढलाच पाहिजे, हे ठरवलं कुणी? गावाहून मामाचाही फोनवर मला वर चढवायचा तोच ठेका, "सुपरवायझर कधी होतोस?" नववीत शाळा सुटलेली, परमुलखात हातातलं काम टिकेल का, याचीच मला धास्ती. घरमालकीण काकूंनी मात्र काही न विचारता बिनखताची माती दिली. त्यांचे उपकारच. ती माती मी पार झाकणाजवळ येईपर्यंत दाबून भरली. चढ म्हणणारे खुशाल म्हणोत. पडायला उंचीच ठेवली नाही.