यमूबाईच्या ओव्यांवर माझा अंगठा

यमूबाईने स्वतः रचलेली ओवी मला फोनवर म्हणून दाखवली, आणि शेवटच्या ओळीत जिथे तिचं नाव येतं तिथे माझं घेतलं. फोनच्या काचेत तिचा चेहरा होता. रागावलेला नव्हता. रागावली असती तर मी भांडले असते — भांडता येतं मला. इकडे आयर्लंडमध्ये, ल्यूकनला, लेकाच्या स्वयंपाकघरात बसून मी ते ऐकलं. त्या दिवसाचं खरं काय ते मी लेकाला सांगितलेलं नाही, नातीला नाही, कोणालाच नाही. तुम्हाला सांगते.

यमूबाई माझी थोरली जाऊ. आम्ही एका जात्यावर समोरासमोर बसून दळायचो. ती ओवी रचायची, मी मागून म्हणायची. पीठ दोघींचं, ओवी तिची. प्रत्येक ओवीत ती आपलं नाव घालायची —

धूर माझ्या चुलीचा, गेला शेजारच्या दारी
यमू म्हणे बाई, भाकर माझ्याच गं घरी

लिहिता येत नव्हतं तिला. ते नाव हीच तिची सही. मी चौथी शिकलेली. बँकेत ती अंगठा लावायची तेव्हा मी तोंड फिरवून हसायची. हेही सांगून टाकते.

सात वर्षांपूर्वी नातीला, ऋताला, कॉलेजसाठी जुनी गाणी हवी होती. खोलीत आवाज घुमतो म्हणून तिने मला हॉट प्रेसमध्ये बसवलं — इथे घरात गरम पाण्याच्या टाकीभोवती टॉवेल ठेवायचं कपाट असतं, ते. टॉवेलांना टेकून मी तिच्या फोनसमोर अकरा ओव्या म्हटल्या. पहिल्याच ओवीत यमूबाईचं नाव आलं आणि जीभ अडली. का अडली? — खरं सांगू? इथे मला कोण ओळखत होतं? कोणाची तरी आई, कोणाची तरी आजी. मी ‘भागू’ म्हटलं. भागीरथी माझं नाव. दोन अक्षरं गेली, दोन आली, चालीला धक्का लागला नाही. अकराही ओव्यांत तेच केलं. ऋता म्हणाली, “ग्रँड, आजी.”

मग तिने ती गाणी इंटरनेटवर विकायला ठेवली. रचना कोणाची, असं तिथे विचारतात. मी म्हटलं, माझी. माझ्या फोनवर खात्री मागितली, तेव्हा मी अंगठा टेकवला. सही येणारी बाई मी. चोरी होऊ नये म्हणून तिथे पहारा असतो, दुसऱ्या कोणी तीच गाणी टाकली तर यंत्र अडवतं, असं ऋताने समजावलं. ऐकून मला बरं वाटलं होतं.

दोन वर्षांनी यमूबाईच्या मुलाने, दिगूने, आईच्या आवाजात तिच्या ओव्या तिथेच टाकल्या. परत आल्या. शब्द आणि चाल दुसऱ्याच्या नावावर आहेत, ही नक्कल आहे, असा शेरा मारून. ज्या बाईने रचल्या तीच चोर ठरली.

दिगूने गावाकडून फोन लावला. “काकी, तुमच्या फोनवरून एवढं कळवा, ओव्या आईच्या आहेत. लगेच मिटतंय.”

ऋता शेजारीच उभी होती. मी म्हटलं, “ओव्या कुठं कुणा एकीच्या असतात का रे? सगळ्याच बायका म्हणतात.”

दिगू काही बोलणार तेवढ्यात यमूबाईने फोन मागून घेतला.

“राहू दे रे. भागू शिकलेली हाय. मशिनीला जसं पाठ हाय तसंच म्हणते बघ.”

आणि म्हणाली. धूर, चूल, शेजारचं दार — आणि ‘भागू म्हणे बाई’. एकही सूर हलला नाही.

ऋता हसून म्हणाली, “यू सी, आजी? त्यासुद्धा तुझंच नाव घेतात.”

यमूबाईने विचारलं, “चुकलं का गं कुठं?”

मी म्हटलं, “नाही.”

त्यानंतर जवळजवळ पाच वर्षं ती होती. फोन रोज माझ्या उशाला होता. एकदा अंगठा लावायचा, चूक झाली म्हणायचं, इतकंच काम. किती वेळ लागला असता? दिगूच्या मुलीच्या हळदीला गावच्या बायकांनी याच ओव्या म्हटल्या — फोनवर ऐकून पाठ केलेल्या. सगळ्यांच्या तोंडी भागू. यमूबाई तिथेच जात्यापाशी बसली होती. दिगूने मला तो व्हिडिओ पाठवला, खाली काही लिहिलं नाही. मी तो शेवटपर्यंत पाहिला.

यमूबाई गेल्या फाल्गुनात गेली. गाणी अजून तिथे विकायला आहेत, माझ्या नावाने.

रचणारी यमुना. मी भागीरथी, तिची धाकटी जाऊ. मी अजून आहे.